पॉलिसॅकराइडचा टक्का जास्त म्हणजे माल भारी, असं नाही बघा

"मशरूम पावडरच्या डब्यावर पॉलिसॅकराइडचे टक्के जितके जास्त तितकी ती गुणकारी" हा फॉरवर्ड आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बरीच वर्षं फिरतोय. ऐकायला बरोबर वाटतंय, पण टक्का कशाचा ते बघायला पाहिजे की.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, त्यात भातातला स्टार्चपण आला. मशरूमचं नाव होतंय ते बीटा-ग्लुकानमुळं, म्हणजे बुरशीच्या पेशींच्या भिंतीतल्या पॉलिसॅकराइडमुळं; मशरूम ही बुरशीच, आणि स्टार्च तर बुरशी बनवतच नाही.

हे पॉलिसॅकराइड कारखान्यात टाकीतपण काढतात. तिथं काय करतात, तर ग्लुकोज आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेलं पाणी 121 डिग्रीला निर्जंतुक करतात, गार झालं की मायसेलियम (बुरशीचे बारीक धागे) सोडतात आणि 25 डिग्रीच्या आसपास हवा देत ढवळत ठेवतात, काही दिवसांत साबुदाण्यासारख्या गोळ्या तयार होतात, पाणी जरा चिकट होतंय. ते गाळून त्यात अल्कोहोल ओतलं की पांढरे तंतू सुटतात, तेच पॉलिसॅकराइड. पण पाण्यात स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली पावडर) उरलं असलं तर तेपण त्यातच येतंय आणि टक्का फुगतो.

घरी बघायचं तर चिमूटभर पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका, शेजारी तांदळाच्या पिठाचं पाणी ठेवा म्हणजे रंग ताडून बघता येतोय. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे; धान्यावर वाढवलेल्या मालात हे बऱ्याचदा दिसतंय. नाही झालं तरी लगेच पास करू नका, माल्टोडेक्स्ट्रिन यात सहसा सापडत नाही. (ते पाणी मोरीत ओता, पिऊ नका हां.) त्यापेक्षा विकणाऱ्याकडं बीटा-ग्लुकान किती आणि अल्फा-ग्लुकान (स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन यातच येतात) किती, असे वेगळे आकडे असलेला लॅब रिपोर्ट मागा.