कोरियातील तीन राज्यांचा विस्तार : पुरातत्त्वीय पुरावे

चौथ्या ते सहाव्या शतकांत गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला या राज्यांच्या सीमा सतत सरकत होत्या. त्यांचा सलग इतिहास देणारा ‘साम्गुक सागी’ हा ग्रंथ ११४५ मध्ये, म्हणजे बराच उशिरा सिद्ध झाला. त्यामुळे शिलास्तंभ, खापरे, थडग्यांतील वस्तू आणि गढ्या यांच्या साक्षीला मोठे मोल आहे.

जिआन (आजच्या चीनमध्ये) येथे गोगुर्योच्या जांगसू राजाने ४१४ मध्ये वडील ग्वांगगेटो राजासाठी उभारलेला स्तंभ ६.३९ मी. उंच आहे. ६४ गढ्या व १,४०० गावे जिंकल्याचा दावा त्यावर कोरला आहे. अर्थात, हा विजेत्याच्या मुलाने करून घेतलेला हिशेब आहे. अक्षरांचे कागदावर घेतलेले ठसे स्पष्ट उठावेत म्हणून पुढे दगडाला चुना लावला गेला आणि काही अक्षरांची वाचने बिघडली. म्हणून चुना लावण्यापूर्वीचे ठसे अधिक विश्वसनीय धरतात. सिल्लाच्या जिनहुंग राजाने छांगन्योंग (५६१), ह्वांगछोर्योंग व माउन्र्योंग (५६८) येथे, नव्याने मिळवलेल्या मुलखातच स्तंभ रोवले. राजाची सत्ता तिथवर पोचली होती हे त्यांवरून कळते; ती किती काळ टिकली, हे कळत नाही.

सुट्या वस्तूंच्या बाबतीत चूक सहज होते. सिल्लाची राजधानी ग्योंगजू येथील एका थडग्यात १९४६ मध्ये ग्वांगगेटोचे नाव आणि ४१५ या वर्षाचा निर्देश असलेले काशाचे भांडे निघाले. ते दोन दरबारांतील निकटचा संबंध दाखवते, पण तेवढ्यावरून ग्योंगजू गोगुर्योच्या राज्यात होते असे म्हणता येत नाही. बुसानमधील बोकछोन-दोंगसारख्या ठिकाणी मिळालेल्या सिल्ला धर्तीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या मुकुटांचेही तसेच. तिथे सिल्लाचा अंमल थेट होता की स्थानिक सरदाराला मान म्हणून मुकुट दिला होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

त्या मानाने रोजच्या वापरातली मडकी अधिक भरवशाची. उंच बैठकीच्या थाळीवर दोन ओळींत चौकोनी खिडक्या कापलेल्या असतात. वरच्या व खालच्या खिडक्या आडव्या सरकवून आलटून-पालटून असल्या तर घडण सिल्लाची. एकाखाली एक सरळ रेषेत असल्या तर गायाची, म्हणजे सिल्ला व बेक्जे यांच्यामधल्या दक्षिणेकडील लहान राज्यांच्या समूहाची. सहाव्या शतकाच्या मध्यानंतर हान नदीच्या खोऱ्यात सिल्लाच्या आखूड बैठकीच्या थाळ्या दिसू लागतात. मात्र एखाददुसरे खापर पुरत नाही. माती तिथलीच आहे का, किती थडग्यांत तीच घडण आहे आणि थर कोणता, हे तिन्ही तपासावे लागते.

सेऊलच्या आछासान डोंगरावरील लहान गढ्यांत हे सगळे एकत्र सापडते: दगडी तटबंदी, जमिनीखालून धूर नेणाऱ्या चुली, लोखंडी हत्यारे, साठवणीचे रांजण आणि भांड्यांवर कोरलेली हुद्द्यांची नावे. इथे शिबंदी राहत होती, हे त्यावरून उघड होते. ४७५ मध्ये बेक्जेची राजधानी पडल्यानंतर गोगुर्योने हा भाग धरून ठेवला होता. ५५१ मध्ये बेक्जे व सिल्ला यांनी मिळून तो घेतला.

उलट दिशेचा पुरावाही असतो. पूर्व किनाऱ्यावर दोंगहे येथील छुआम-दोंगच्या थडग्यांत देगायाची (गाया समूहातील एका राज्याची) मडकी मिळाली आहेत. तो देगायाचा विस्तार समजला जात नाही. ५६२ मध्ये सिल्लाने ते राज्य जिंकल्यावर तिथून हलवलेल्या लोकांची ती भांडी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.