गटसदस्यत्वानुसार सर्व्हर-प्रवेश

डिरेक्टरीतील, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या सामाईक नोंदवहीतील, ठरावीक गटाच्या सदस्यांनाच एखाद्या सर्व्हरवर लॉगिन करू देण्याची पद्धत. संस्थेची खाती मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीसारख्या एका ठिकाणी असतात आणि सर्व्हर पासवर्ड तिथूनच तपासून घेतो. मात्र पासवर्ड जुळला म्हणजे माणसाची ओळख पटली, एवढेच. त्याला आत घ्यायचे की नाही, हे वेगळे ठरवावे लागते.

जळगावातली एखादी डाळ मिल घ्या. मिल, धुळ्याचे गोदाम आणि चाळीसगावचे खरेदी केंद्र मिळून साठ खाती. हिशेबाचा लिनक्स सर्व्हर मात्र चौघांच्याच कामाचा. सर्व्हर डिरेक्टरीला जोडला आणि गट नेमला नाही, तर वजनकाट्यावर बसणाराही स्वतःच्या पासवर्डने त्यात शिरू शकतो. जोडणी झाली की काम संपले असे वाटते, आणि नेमकी इथेच चूक राहून जाते.

लिनक्सवर हे काम बहुधा एसएसएसडी ही सर्व्हरला डिरेक्टरीशी जोडणारी सेवा करते. तिच्या सेटिंग फाइलमध्ये ‘ॲक्सेस_प्रोव्हायडर’ला ‘सिम्पल’ ही किंमत देऊन ‘सिम्पल_अलाऊ_ग्रुप्स’पुढे गटाचे नाव लिहितात. एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिनची सेवा, तिच्या ‘अलाऊग्रुप्स’नेही गट नेमता येतो, पण तो निर्बंध एसएसएचपुरताच, सर्व्हरला जोडलेल्या कीबोर्डवरून होणारे लॉगिन त्याने अडत नाही. विंडोज सर्व्हरवर दूरस्थ प्रवेशासाठी डिरेक्टरीतला गट ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या स्थानिक गटात घालतात.

खाते कोणत्या गटांत आहे हे सांगणाऱ्या ‘मेंबरऑफ’ या गुणधर्मावर फिल्टर लावताना विशेष जपावे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हा गुणधर्म थेट सदस्यत्वच दाखवतो. ‘हिशेब’ गटात ‘धुळे-हिशेब’ हा गट घातला असेल, तर धुळ्याची माणसे साध्या फिल्टरला दिसत नाहीत. खात्याचा प्राथमिक गटही, म्हणजे सहसा ‘डोमेन युजर्स’, त्यात येत नाही.

या पद्धतीचे खरे मोल माणूस बदलतो तेव्हा कळते. मुनीम खरेदी विभागात गेला की त्याला एका गटातून काढायचे, प्रत्येक सर्व्हरवर जाऊन नाव खोडायला नको. मात्र चालू असलेले सत्र त्याने तुटत नाही. शिवाय सेटिंग बदलले नसेल तर एसएसएसडी डिरेक्टरीतली माहिती ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, साठवून ठेवते. संपर्क तुटलेला असेल तर जुन्याच माहितीवर निर्णय होतो.

गटाच्या नावातली एक चूक प्रशासकालाही बाहेर ठेवू शकते. म्हणून बदल करताना रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचे, एक सत्र उघडे ठेवावे आणि दुसऱ्या खिडकीतून दोन खाती तपासावीत: एक गटातले, एक गटाबाहेरचे. पहिल्याला प्रवेश आणि दुसऱ्याला नकार मिळाल्यावरच रूटचे सत्र बंद करावे.