विशारदानंतरचे शिक्षण

नागपुरात धरमपेठ किंवा महाल भागात गाण्याचा क्लास करून विशारद झालेल्या मुलामुलींना संगीतोपचाराचे आकर्षण वाटू लागले, की पहिला प्रश्न बहुधा ‘कोणत्या आजारावर कोणता राग?’ हा असतो. अमुक राग अमुक रोग बरा करतो याला भक्कम पुरावा नाही. पदव्युत्तर प्रशिक्षणाचा भर असतो तो रुग्णाचे निरीक्षण करण्यावर, मोजण्यावर आणि स्वतःचे गाणे त्याच्या गरजेपुरते आवरण्यावर. मैफलीची सवय असलेल्यांना यातले शेवटचे फार जड जाते.

पार्किन्सनचे उदाहरण घेऊ. या आजारात मेंदूतील बेसल गँग्लियांचे, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या पेशीगटांचे, काम बिघडल्याने चालीचा आतला ठेका सुटतो, पावले आखूड पडतात, दाराशी पाय खिळतात. विद्यार्थी आधी रुग्णाला त्याच्या नेहमीच्या गतीने चालवतो आणि मिनिटाला पडणारी पावले मोजतो. ती ८० भरली, तर ठेकाही ८० वरच धरायचा. पाय त्यात बसले, की मगच तो ८४, ८८ असा चढवायचा. बाहेरून ऐकू येणारी लय आतल्या ठेक्याची उणीव काही अंशी भरून काढते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांत वाढलेल्या आजोबांना मेट्रोनोमपेक्षा, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्रापेक्षा, खंजिरीच जवळची वाटेल, हे ओळखणेही शिकावेच लागते.

पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस कधी कधी गाण्याचे शब्द मात्र म्हणू शकतो. त्यावर आधारलेली एक पद्धत बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली मांडली. ‘पाणी द्या’ हे शब्द उंच-खालच्या दोन स्वरांवर म्हणायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा, आणि रुग्णाने सूर धरला की उपचारकाने आपला आवाज हळूहळू काढून घ्यायचा.

अमेरिकेत संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम मिशिगन स्टेट या उच्च शिक्षणसंस्थेत १९४४ साली निघाला. आज तिथे, संगीताची पदवी घेऊन आलेल्यांनासुद्धा, १२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि नंतर प्रमाणन परीक्षा चुकत नाही. रोजचे चार तास धरले तरी हे ३०० दिवस होतात. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि नोंदणीशिवाय स्वतःला संगीतोपचारक म्हणवणे कायद्याला मान्य नाही. भारतात पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्याच आवारात, संगीतोपचाराचे केंद्र आहे.

अमेरिकेत गळ्याबरोबर गिटार आणि पियानोही यावे लागतात. नागपूरच्या विद्यार्थ्याला पेटी येत असते, पण ती खाटेशेजारी मांडणे अवघड, आणि खंजिरीचे चामडे जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा पुसले तर सैल पडते. म्हणून वॉर्डात न्यायची खंजिरी प्लास्टिकच्या पडद्याची घ्यावी.