गोल्फची ट्रॉली आणि खांद्यावरची बॅग

पायी गोल्फ खेळणाऱ्याने आपले सामान मैदानभर स्वतः न्यायचे तर दोनच मार्ग उरतात. बॅगेचे पट्टे खांद्यांत अडकवून ती पाठीवर घ्यायची, नाहीतर चाकांच्या हलक्या गाडीवर बांधून ढकलत किंवा ओढत न्यायची. या गाडीला ब्रिटनमध्ये आणि भारतीय क्लबांतही ‘ट्रॉली’ म्हणतात. अमेरिकेत ती ‘पुश कार्ट’. तिथे नुसते ‘कार्ट’ म्हटले की बसून जायची गाडी समजतात, आणि त्यामुळे या विषयावरच्या गप्पांत बराच गोंधळ होतो. प्रस्तुत नोंद चालणाऱ्यांबद्दल आहे.

ओझे किती असते? नियमाने फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, बाळगता येतात. लांब फटक्याचा क्लब, ड्रायव्हर, साधारण ३०० ग्रॅमचा, तर लोखंडी पात्याचे क्लब ४०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड; म्हणजे क्लबच साडेपाच-सहा किलो. पाय असलेली हलकी बॅग दोन-अडीच किलोची. त्यात डझनभर चेंडू, पाण्याची बाटली, छत्री, पावसाळी जाकीट, टॉवेल, केळी आणि तळाशी कधीपासून पडलेल्या वस्तू घातल्या की काटा १० ते १४ किलोंवर जातो. व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या बॅगा याहून बऱ्याच जड असतात, पण त्या उचलायला पगारी माणूस असतो. कागदावर मैदान सहा-साडेसहा किलोमीटरचे असले तरी चेंडू शोधत आणि एका ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून) पुढच्या टीकडे (पहिला फटका मारायच्या जागेकडे) जात प्रत्यक्ष चाल आठ ते दहा किलोमीटर होते. या वाटेवर बॅग तीस-चाळीस वेळा तरी खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची.

हे ओझे पूर्वी एवढे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्कॉटलंडमध्ये बॅगच नसे. कॅडी, म्हणजे खेळाडूचे सामान वाहणारा माणूस, मूठभर क्लब बगलेत धरून चाले. १९१३ मध्ये ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट या हौशी खेळाडूने अमेरिकन ओपन जिंकली, तेव्हा त्याची बॅग एडी लोअरी नावाच्या दहा वर्षांच्या मुलाने वाहिली होती. १९१६ ची तीच स्पर्धा चिक इव्हान्सने अवघ्या सात क्लबांवर जिंकली. पुढे पोलादी दांडे आले, ठरावीक अंतरासाठी ठरावीक क्लब ही सवय पडली आणि बॅगा फुगत गेल्या. १९३० च्या दशकात लॉसन लिटल हा खेळाडू २५ हून अधिक क्लब बाळगत असे. १९३८ मध्ये अमेरिकेत आणि १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये १४ क्लबांची मर्यादा आली. मर्यादा घालण्यामागे खेळातले कसब टिकवण्याचा हेतू मोठा होता, पण कॅडींच्या पाठींनाही तिचा उपयोग झाला.

चाके आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात १९४० च्या दशकाच्या मध्यावर ‘बॅग बॉय’ ही दोन चाकांची, मागून ओढायची गाडी निघाली. तिचे नाव बोलके आहे: बॅग वाहणाऱ्या पोराच्या जागी बॅग वाहणारी वस्तू. पाठोपाठ बसून जायच्या गाड्या पसरल्या; ‘ई-झी-गो’ ही कंपनी १९५४ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे सुरू झाली. त्या गाड्यांचे भाडे क्लबांच्या उत्पन्नाचा भाग बनले, आणि ट्रॉलीचा खरा शत्रू इथे जन्मला. अमेरिकेतल्या कित्येक खासगी क्लबांनी पुढे अनेक दशके ट्रॉलीला मज्जाव केला. कारण सांगताना ‘दिसायला बरी नाही’ असे सांगत. हिशेबाच्या वहीत मात्र भाड्याचा रकाना असे. ट्रॉलीवाला ना कॅडीला पैसे देतो, ना गाडीचे भाडे भरतो.

ओढायची दोन चाकी गाडी फारशी सुखाची नव्हती. एक हात सतत मागे ताणलेला राहतो, खांदा वळलेला राहतो आणि चढावर गाडी त्या खांद्याला झटके देते. १९९९ मध्ये मोंटानातल्या ‘सन माउंटन’ कंपनीने तीन चाकांची ‘स्पीड कार्ट’ आणली आणि चित्र पालटले. बाळाच्या बाबागाडीसारखी ती पुढे ढकलायची, दोन्ही हात मुठीवर, वजन चाकांवर तोललेले. आजच्या बहुतेक ट्रॉल्या याच वळणाच्या आहेत: सहा ते नऊ किलो वजन, हातब्रेक, छत्रीची खोबण, गुणपत्रिकेसाठी झाकण आणि घडी घालून मोटारीच्या डिकीत मावेल असा आकार. ब्रिटनमध्ये बॅटरीवर आपणहून चालणारी ट्रॉली त्याआधीच, १९८३ मध्ये, ‘पॉवाकॅडी’ या नावाने आली होती.

खांद्यावर बॅग घेणाऱ्यांच्या बाजूनेही सुधारणा थांबल्या नव्हत्या. बॅग टेकवताच आपोआप उघडणारे दोन पाय १९८० च्या दशकात आले. त्यामुळे दर फटक्याला वाकून बॅग जमिनीवरून उचलायचे टळले. १९९० च्या दशकाच्या आरंभी दप्तरासारखा दुहेरी पट्टा आला. त्याआधी सगळे वजन एकाच खांद्यावर लटके आणि माणूस फेरीभर एका अंगाला कललेला चाले. जुन्या गोल्फखेळाडूंच्या पाठदुखीच्या कहाण्यांत या एका पट्ट्याचा वाटा मोठा असावा.

कोणत्या पद्धतीत दमणूक जास्त, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. डेन्व्हरमधले क्रीडाशास्त्रज्ञ नील वोल्कोडॉफ यांनी २००८ मध्ये आठ पुरुष खेळाडूंना मापनयंत्रे लावून डोंगराळ मैदानावर नऊ-नऊ होल (टीपासून भोकापर्यंतचे टप्पे) चार वेगवेगळ्या पद्धतींनी खेळवले. बॅग खांद्यावर घेऊन सरासरी ७२१ किलोकॅलरी खर्च झाल्या, ट्रॉली ढकलून ७१८. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. कॅडी असताना आकडा ६१३ होता आणि गाडीत बसून ४११. गुण, म्हणजे लागलेले फटके (कमी तितके चांगले), मात्र वेगळे बोलले: ट्रॉलीवर सरासरी ४०, कॅडीसह ४२, गाडीत ४३ आणि खांद्यावर बॅग असताना ४५. वोल्कोडॉफ यांचे स्पष्टीकरण असे की बॅग घेऊन चढ चढताना शरीरात श्रमाने तयार होणारे लॅक्टेट साठू लागते आणि त्या अवस्थेत हाताचे बारीक नियंत्रण बिघडते. गाडीत बसून आलेली सरासरी ट्रॉली किंवा कॅडी घेऊन चालण्याहून वाईट यावी ही गंमतच आहे. आठ माणसांवरून कायदा मांडता येत नाही. तरी ट्रॉलीच्या बाजूने बोलणारे हेच आकडे आजही पुढे करतात आणि विरोधकांकडे त्यांच्या तोडीचे काही नाही.

कॅलरी सारख्याच कशा, याचा उलगडा थोड्या गणिताने होतो. सपाट गवतावर चाके वजन पेलतात आणि ढकलायला थोडाच जोर पुरतो. चढावर मात्र ट्रॉलीचे स्वतःचे वजनही वर न्यावे लागते. १२ किलोची बॅग आणि ८ किलोची ट्रॉली मिळून २० किलो झाले. १० टक्के चढावर ते रेटायला सुमारे दोन किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. बॅग खांद्यावर असती तर उंचीवर १२ च किलो गेले असते. म्हणून डोंगराळ मैदानावर ट्रॉलीने शक्तीची फारशी बचत होत नाही. तिचा फायदा दुसरीकडे आहे: भार मणक्यावर येत नाही आणि उचल-ठेव वाचते. गोल्फच्या फटक्यात कंबर आधीच जोराने पिळली जाते, त्यामुळे कमरेची तक्रार असलेल्याने ट्रॉलीच घ्यावी, यात फार वाद नाही.

खांद्यावरच्या बॅगेचे फायदे मोजता येत नाहीत असे असले तरी ते खोटे नाहीत. बॅगवाला सरळ रेषेत चालतो. चेंडू झाडीत गेला, ओढ्यावर अरुंद लाकडी पूल आला, पायऱ्या लागल्या, दोन बंकरांच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) मधून वाट काढायची आली, तरी त्याला वळसा पडत नाही. ग्रीनच्या कडेशी तो बॅग हवी तिथे टेकवतो. ट्रॉली ग्रीनवर आणि टीवर न्यायची नसते. ती बाजूने फिरवून पुढच्या टीच्या वाटेवर उभी करायची, ही शिस्त आहे. नवखा खेळाडू ती ग्रीनच्या अलीकडेच सोडतो आणि चेंडू भोकात गेल्यावर मागे फिरतो, तेवढ्यात मागून खेळत येणारी चौकडी खोळंबते. उतारावर ब्रेक न लावता सोडलेली ट्रॉली तळ्याच्या दिशेने निघाल्याचे दृश्य ज्याने पाहिले नाही, तो फार दिवस खेळलेला नाही.

नियमांच्या दृष्टीने ट्रॉली म्हणजे खेळाडूचे साहित्यच. स्वतःचा चेंडू स्वतःच्या बॅगेला किंवा ट्रॉलीला लागला तर पूर्वी दंड होई. २०१९ च्या नव्या नियमावलीपासून अपघाताने लागल्यास दंड नाही. चेंडू जिथे थांबेल तिथून खेळायचा. रुंद ट्रॉली बाळगणाऱ्यांना हा दिलासा बॅगवाल्यांपेक्षा जास्त मिळाला.

मैदानांचे आपापले दंडक आहेत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर मुख्य हंगामात दुपारी बारापूर्वी ट्रॉली चालत नाही. सकाळची वेळ कॅडी आणि खांद्यावरच्या बॅगांची. ब्रिटनमधले अनेक क्लब हिवाळ्यात भिजलेली जमीन चाकांनी चिरडू नये म्हणून ट्रॉल्या बंद ठेवतात किंवा खुंट्यांची खास ‘हेजहॉग’ चाके मागतात. याउलट ओरेगनमधले बॅन्डन ड्यून्स हे १९९९ पासूनचे, फक्त चालणाऱ्यांसाठी बांधलेले ठिकाण ट्रॉलीला आडकाठी करत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फमध्येही ती आता रुळली आहे. एकेकाळी ‘म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणून हिणवलेली वस्तू विशीतल्या, दिवसाला ३६ होल खेळणाऱ्या खेळाडूंच्या हाती दिसू लागली, तेव्हा तिच्याबद्दलची लाज बरीच ओसरली. २०२० च्या करोनाकाळात गाडीत शेजारी बसणे आणि कॅडी घेणे दोन्ही अडचणीचे झाले आणि दुकानांतल्या ट्रॉल्या संपल्या.

भारतात हा वाद वेगळ्याच पायावर उभा आहे, किंबहुना फारसा उभाच नाही. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणजे १८२९ चा रॉयल कलकत्ता, आणि तेव्हापासून इथली बॅग कॅडीची. अनेक क्लबांत कॅडी घेणे सक्तीचेच असते. शिवाय पुढे जाऊन चेंडू कुठे पडतो ते पाहणारा ‘आगेवाला’ असतो. हा हिंदी शब्द इंग्रजी बोलणारे सदस्यही तसाच वापरतात. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत कॅडीला हटवणारी ट्रॉली इथे कॅडीच्याच हाती आली. सदस्य मोकळ्या हाताने चालतो, कॅडी ट्रॉली ओढतो. ट्रॉली की खांदा, हा प्रश्न इथे मालकाच्या पाठीचा नसून कॅडीच्या पाठीचा आहे, आणि कोणती बॅग आणायची हे मात्र मालक ठरवतो. जड, दिखाऊ बॅग आणणाऱ्याला तिचे वजन कधी कळतच नाही.

महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याचे मैदान जुने, तर खारघरचे सिडकोचे मैदान अलीकडचे. पावसाळ्यात इथे निवड हवामानच करते. दख्खनची काळी माती चाकांना लगद्यासारखी चिकटते, चाक फिरायचे थांबते आणि ट्रॉली फरफटत न्यावी लागते. अशा दिवसांत बॅग पुन्हा खांद्यावर जाते.

बॅग वाहता वाहता खेळ शिकलेल्यांनी भारतीय गोल्फ घडवले आहे. दिल्लीत कॅडी असलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. महूचा मुकेश कुमारही कॅडी होता. २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी त्याने आशियाई टूर या व्यावसायिक मालिकेतली आपली पहिली स्पर्धा जिंकली. चेंबूरमध्ये क्लबच्या शेजारच्या वस्तीतल्या कॅडींनी तर गल्ल्यांतच आपला गोल्फ मांडला: बांधकामाच्या सळया वाकवून केलेले क्लब, प्लॅस्टिकचा चेंडू, घरांच्या भिंती आणि पत्रे हेच अडथळे. त्या खेळात बॅगही नसते आणि ट्रॉलीही. हातातली सळई हेच सारे सामान.