कर्ता-करविता

माणसाच्या हातून घडणारे काम खरे तर ईश्वर करवून घेतो, या श्रद्धेतून रुळलेला मराठी जोडशब्द. ‘कर्ता-करविता तो, मी निमित्त’ असे म्हणून यशाचे श्रेय देवाकडे दिले जाते. मग राबणाऱ्याच्या वाट्याला काय उरते, हा त्यातला जुना पेच आहे.

शब्दाची घडण मात्र व्याकरणातली. पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी व्याख्या केली आणि लगेच पुढच्या सूत्रात काम करवून घेणाऱ्यालाही कर्ता ही संज्ञा दिली, जोडीला ‘हेतू’ (म्हणजे प्रेरक) हीसुद्धा. म्हणजे करविणारा आला म्हणून करणाऱ्याचे कर्तेपण पुसले जात नाही. भक्तीच्या भाषेत ही बारीक गोष्ट अनेकदा हरवते.

यशाच्या श्रेयाची एक जुनी कथा केनोपनिषदात येते. विजय ब्रह्माने मिळवून दिलेला, पण देव तो आपलाच मानून फुशारतात. तेव्हा यक्षरूपाने समोर प्रकटलेले ब्रह्म अग्नीपुढे गवताची एक काडी ठेवते. ती त्याला जाळता येत नाही, वायूला हलवता येत नाही. विजय कोणाचा होता, हे शेवटी उमा हैमवती इंद्राला सांगते. गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच विचार हिशेबासारखा मांडला आहे. कर्म घडण्याची कारणे पाच: अधिष्ठान (शरीर), कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. यांतल्या केवळ स्वतःला कर्ता मानणारा दुर्मती ठरतो. दैव यादीत आहे, पण पाचांतले एक म्हणून.

ईश्वरच सारे करवीत असेल, तर ‘हे कर, ते करू नको’ असे शास्त्राने सांगण्यात अर्थ काय? वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांचे उत्तर असे की ईश्वर जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच प्रेरणा देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवायचा की जव हे बी ठरवते. प्रयत्नाची बुद्धी तरी कोणी दिली, या पुढच्या शंकेला ते ‘संसार अनादि आहे’ असे उत्तर देतात. त्या उत्तराने शंका मिटण्यापेक्षा मागे ढकलली जाते. वसिष्ठांनी रामाला केलेल्या उपदेशाचा ग्रंथ योगवासिष्ठ इतका विचार करत बसत नाही. दैव म्हणून वेगळे काही नाहीच, असे ते बजावते.

मराठीत या पेचाची दोन्ही टोके रामदासांच्या दासबोधात एकत्र सापडतात. ‘मी कर्ता ऐसें म्हणसी । तेणें तूं कष्टी होसी’ असे सांगणारा हाच ग्रंथ ‘अचुक येत्न करवेना । म्हणौन केलें तें सजेना’ असेही सुनावतो. यश रामाचे, फसलेल्या कामाचा दोष आपल्या ढिलाईचा. तर्काला ही वाटणी एकांगी वाटते, पण गर्व आणि सबब या दोघांनाही ती जागा ठेवत नाही.

व्यवहारात ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाची थट्टा करण्यासाठीच वापरतात. प्रयत्नवादाची ठरलेली ओळ ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही मात्र मुळात वेगळ्या हेतूची आहे. भर्तृहरीच्या ज्या श्लोकाचे ते मराठी रूप, त्याचा रोख प्रयत्नाच्या थोरवीवर नाहीच: वाळूतून एकवेळ तेल निघेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही.