‘आपला ग्राहक एका दुकानाचा नसतो’ : एक खुलासा
“परदेशी ग्राहक एकाच ऑनलाइन दुकानाशी एकनिष्ठ राहतो, आपला मात्र दहा रुपयांसाठी दुकान बदलतो,” असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. तो पटण्याजोगा वाटतो, कारण चार ठिकाणी भाव पाहण्याची सवय आपल्याला आहेच. मात्र पुन्हापुन्हा केलेली खरेदी म्हणजे निष्ठाच असे नव्हे; तिच्यामागे बहुधा व्यवहारातील विश्वास असतो, आणि तो देशोदेशी वेगळ्या वाटेने येतो. जर्मनीत ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क कायद्यानेच आहे, शिवाय माल हाती आल्यावर बिल भरण्याची पद्धतही तेथे रुळलेली आहे. जपानमध्ये ऑनलाइन ऑर्डरचे पैसे कोपऱ्यावरच्या दुकानात रोख भरता येतात, तर आपल्याकडे पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याच्या मुभेने अनेकांची भीड चेपली. आणि ज्या घराची उधारीची वही वर्षानुवर्षे एकाच वाण्याकडे चालते, त्याला चंचल कसे म्हणावे?

पडताळणी घरीच होते. अ‍ॅपमधील गेल्या वर्षाच्या ऑर्डर उघडून प्रत्येकीपुढे दुकान निवडण्याचे कारण लिहावे : भाव, परतीची सोय, की आधीच साठवलेला पत्ता. परदेशातील एखाद्या नातेवाइकालाही तशीच यादी करायला सांगावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात.