नवतप्यात मिरचीची फुलं का गळतात?

मे महिना लागला, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस जवळ आले, की आमच्या गल्लीत एक प्रश्न हमखास येतो. "फुलं तर भरपूर येऊन राहिली, पण मिरचीच धरत नाही. कोणतं खत टाकू?" माझं उत्तर दर वर्षी तेच असतं: काहीही टाकू नका. झाड उपाशी नाही, त्याला ऊन लागलंय.

भिवापूरची मिरची आपल्याच नागपूर जिल्ह्यातली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे मिरचीला आपलं ऊन सोसायलाच हवं असं वाटतं. पण हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात भारतात आणलं. दिवसाचं तापमान साधारण ३२ ते ३५ अंशांपुढे आणि रात्रीचं २४ अंशांपुढे जात राहिलं, की त्याचे परागकण नीट तयार होत नाहीत. फूल उमलतं, दिसायला निरोगी दिसतं, पण आतला पराग वांझोटा असतो. बी धरत नाही आणि झाड ते फूल टाकून देतं. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिरचीच्या दृष्टीनं जास्त घातक असतात त्या रात्री, कारण पहाटेसुद्धा तापमान बरेचदा २८ अंशांच्या खाली येत नाही. त्यात कुंडी सिमेंटच्या गच्चीवर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर तिला खालून शेकत राहतो.

अशा वेळी नत्राचं खत दिलं तर झाड फक्त पाला वाढवतं, आणि तो कोवळा, लुसलुशीत पाला रसशोषक किडींना फार आवडतो. त्यापेक्षा कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, वर हिरवी जाळी बांधा, मातीवर बोटभर जाडीचा पालापाचोळा पसरा आणि पाणी सकाळी द्या. नवतपा निघेपर्यंत झाड जगवायचं, एवढंच काम. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पराग फूल उमलण्याच्या बरेच दिवस आधी, कळी इवलीशी असतानाच घडत असतो. म्हणून मृगाचा पहिला पाऊस पडून गारवा आला तरी पुढचे काही दिवस फुलं गळतच राहतात. त्या दिवसांत धीर सोडून झाड उपटणारे लोक मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

पाऊस लागल्यावर अडचण उलटी होते. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात जिच्या भेगेत बोट जातं, त्याच मातीत जुलैमध्ये मुळांना हवा मिळत नाही. मिरचीची मुळं पाण्यात राहिली की झाड माना टाकतं, आणि आपण ते तहानलेलं समजून आणखी पाणी घालतो. अंगणात लावायची असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा. कुंडीत काळी माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि धानाचं तूस समान भागात मिसळा. तूस आपल्याकडे सहज मिळतं आणि माती मोकळी ठेवतं. ज्या मातीत मागच्या वर्षी वांगी किंवा टमाटर होते, ती मात्र घेऊ नका. ही तिन्ही एकाच कुळातली, त्यामुळे त्यांचे रोगही बरेचसे सारखे.

आता चुरडामुरडा. मिरचीची पानं आकसली की लोक सरसकट हेच नाव घेतात, पण कारणं तीन असतात आणि उपाय निरनिराळे. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद, लांबट झालं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). आणि पान लहान, पिवळसर, पेरं आखूड होऊन झाडच खुंटलं असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. यावर औषध नाही. ते झाड काढून नष्ट करा, शेजारची वाचतील.

फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क उत्तम. जून-जुलैत रस्त्याकडेला निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवा. ५० ग्रॅम बियांची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, कापडानं गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळा. फवारणी संध्याकाळीच करा, कारण यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात विघटित होतं. कीड लगेच मेलेली दिसणार नाही. हे द्रव्य तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, त्यामुळे आठवडाभर वाट पाहावी लागते. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक सेंद्रिय शेतीत चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पानं करपतात.

ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली तर ढोबळी तिखट होते, असं खूप जण सांगतात. तसं होत नाही. तिखटपणा कॅप्सायसिनचा. ते बियांत नव्हे, तर बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या भागात तयार होतं, आणि हा भाग आईझाडाचाच असतो. मधमाशीनं कुणाचाही पराग आणला तरी यंदाची मिरची आईवरच जाते. फरक पडतो तो बियांमध्ये. त्या पेरल्या की पुढच्या वर्षी ढोबळीच्या झाडाला तिखट मिरच्या लागू शकतात.

म्हणून घरचं बी धरायचं असेल तर पावसाळा ओसरल्यावर सगळ्यात निरोगी झाडाची एक फांदी निवडा. तिच्यावरची उमललेली फुलं खुडून टाका आणि कळ्यांवर मलमलची पिशवी बांधा. मिरची स्वतःच्या परागानंही फळते, त्यामुळे रोज फांदी हलकेच हलवली की पुरे. बारीक मिरच्या दिसू लागल्या की पिशवी काढून खुणेसाठी लाल दोरा बांधा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ठेच्यासाठी त्या फांदीला हात लावायचा नाही.